पहिलं मिनिट

ट्रेडमिलच्या पट्ट्याचा वेग कमी झाला, चढ सपाट झाला. धावणं संपलं होतं. आता सावकाश चालायचं होतं.

"थांबू नका, काका. श्वास लांब घ्या. बोलू नका," तपासणी घेणारी मुलगी म्हणाली.

काका अग्निशमन दलात होते. छातीवर दहा वायरी, वय एकोणपन्नास. दलाचा नियम असा, की धावणं थांबल्यापासून पहिल्या मिनिटात हृदयाचे ठोके निदान बारानं उतरले पाहिजेत. नाही उतरले तर माणूस बंबावरून खाली येतो आणि कोठारात पाइप गुंडाळत बसतो. संधी तीन. पहिल्या वेळी त्यांचे आठ उतरले होते, दुसऱ्या वेळी नऊ. ही तिसरी.

आकडे दिसले की माणूस घाबरतो, म्हणून तिनं यंत्राचा पडदा स्वतःकडे फिरवून घेतला होता. धावणं थांबलं तेव्हा त्यावर एकशे एकसष्ट होते.

वायरी चिकटवताना काकांनी तिला सगळं सांगून टाकलं होतं. रोज सकाळी खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन नऊ मजले चढायचे, मग गच्चीवर संथ फेऱ्या. बायको मनगट धरून सोबत चालायची. घड्याळ तिच्याच हातात. पंधरा सेकंद मोजायची, चारनं गुणायची, मिनिटानं पुन्हा तेच. महिनाभर रोज फरक चौदा भरत होता. "आणि ती काही उगाच कौतुक करणाऱ्यांतली नाही," ते म्हणाले होते. "लग्नात मी कसा दिसत होतो, ते अजून सांगितलेलं नाही."

मुलगी हसली होती. हसता हसता तिच्या डोक्यात हिशेब झाला होता. चारनं गुणलेल्या दोन आकड्यांतला फरक आठ येतो, बारा येतो, सोळा येतो. चौदा कधीच येत नाही.

तिनं पुढची वायर चिकटवली होती.

साठ सेकंद झाले. पडद्यावर एकशे चौपन्न. यंत्रानं तो आकडा आपणहून नोंदवला, त्याच्या पुढे 'सात' छापलं आणि कागद बाहेर सरकवला. तिनं तो उचलून पालथा ठेवला.

काका चालत होते. समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत, एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखं, ओठ मिटून. सगळं अगदी सांगितल्याप्रमाणे.

"झालं का मिनिट?" त्यांनी हळूच विचारलं.

"अजून नाही."

एकशे अठ्ठेचाळीस. एकशे त्रेचाळीस. ठोके आता छान उतरत होते. तिनं पट्ट्याचा वेग आणखी थोडा कमी केला. त्यांनी पाऊल त्याच्याशी जुळवून घेतलं.

बऱ्याच वेळानं, भिंतीवरची नजर न काढता, ते म्हणाले, "फार मोठं मिनिट आहे हो, ताई."