सतरा आकडी दगड

बेरीज पुन्हा अठ्ठ्याहत्तरच आली. पाथरवटाने पेन्सिल कानावर अडकवली आणि चूक दगडाचीच असल्यासारखं त्याच्याकडे रागाने पाहिलं.

आकडे कोरून झाले की कागदावरच्यांची बेरीज करायची, मग दगडावरच्यांची, आणि दोन्ही जुळल्या तरच गिऱ्हाइकाला बोलवायचं, ही त्याची बापापासूनची रीत. अक्षर चुकलं तर वाचणारा सांभाळून घेतो. आकडा चुकला की माणूस मेल्यावर जन्माला येतो. असा एक दगड बापाने कोरला होता. तो अजून कारखान्याच्या दाराशी पायरी म्हणून पडला होता.

आज दोन्ही बेरजा जुळल्या होत्या. घोळ वेगळाच होता. अठ्ठ्याहत्तरला तीनने भाग जातो, म्हणजे त्या सतरा आकडी संख्येलाही जाणार. शाळेत छड्या खाऊन शिकलेलं तो विसरला नव्हता. आणि प्राध्यापकांच्या बाईसाहेब तर सांगून गेल्या होत्या, की ह्यांच्या थडग्यावर नाव नको, तारखा नकोत, फक्त ही संख्या हवी. एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेच भाग जात नाही, हे सिद्ध करण्यात प्राध्यापकांनी एकतीस वर्षं घातली होती. तीही खोलीचं दार आतून लावून. एवढा एकांत देवालाही मिळत नाही. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवावं लागे.

उद्या सगळं विद्यापीठ फुलं घेऊन येणार. त्यातला एखादा रिकामटेकडा बेरीज करणारच, आणि गेलेल्या माणसाची शोभा होणार. वर नाव पाथरवटाचं जाणार. दगडावर खोडरबर चालत नाही.

बाई आल्या. मागून त्यांच्या दोन मुली आल्या, एकीचे केस पिकलेले, दुसरीचे पिकायच्या बेतात.

"बाई, तुमच्या कागदातच चूक आहे," पाथरवटाने लांबण न लावता सांगितलं. "हिला तीनने भाग जातो. नवा दगड माझ्या पदरचा घालतो, पण साहेबांची वही आणून दाखवा."

बाईंनी चष्मा लावला. बरोबर मधल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि त्यातली धूळ नखाने काढली.

"इथे पाच होता. उतरवताना मी सात केला."

"मुद्दाम?"

"दोन दिवस बेरजा करत होते. सोपं नसतं हो."

पाथरवटाने कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली. "अहो, पण त्यांचं आख्खं आयुष्य गेलं यात."

"आमचंही गेलं." बाईंनी मुलींकडे पाहिलं. थोरलीने धाकटीचा हात धरला होता. "आम्ही तिघी आहोत, भाऊ. आत्ता कुठे ते आमच्या वाट्याला आले."