अठराच्या जागी सहा

"अठरा काढा, सहा टाका, की झालं," संचालकसाहेब म्हणाले. चहात साखर जरा कमी टाका म्हणावं, इतक्या सहज.

बैठकीच्या खोलीत भिंतीवरच्या पडद्यावर साथीचा आलेख होता. मुलांमधला ताप पुढे कसा पसरेल, हे संगणकावर मांडून दाखवायचं काम त्या ऑफिसात ती एकटीच करायची. सगळे तिला गणितवाली म्हणत, काही जण तोंडावरही. सोमवारी शाळा उघडल्या तर काय होईल, ते तिने नुकतंच दाखवलं होतं. आजारी मुलांची लाल रेघ तिसऱ्या आठवड्यातच मुलांच्या वॉर्डातल्या खाटांच्या संख्येवर गेली होती आणि खाली यायचं नाव घेत नव्हती.

"एक मूल दिवसभरात अठरा जणांच्या जवळ जातं, असं धरलंय तुम्ही. जरा अतीच होतंय. सहा धरा, रेघ आपोआप खाली बसते. चार वाजता पत्रकार यायचेत."

"सहा कुठून आले, साहेब?"

"कुठून म्हणजे? अंदाज. तुमचाही अंदाजच आहे की."

"माझा मोजलेला आहे. शाळा चालू होत्या तेव्हा मैदानांत उभी राहून मोजलाय."

साहेब हसले. "तुमचा करार महिनाअखेरीला संपतोय ना?" त्यांनी अगदी मायेने विचारलं.

सकाळीच तिच्या आईने डबा हातात देताना बजावलं होतं, "आज तरी तोंडाला कुलूप घाल बाई. तुझ्याच पगारावर चूल पेटते." खोटं नव्हतं ते. पण काल ती त्या वॉर्डात जाऊन आली होती. आत्ताच तिथे एकेका खाटेवर दोन-दोन पोरं होती, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायांशी. ते आठवलं आणि तिला भीतीपेक्षा रागच जास्त आला. आईचं कुलूप तिथेच निखळलं.

तिने बिनवायरचा कीबोर्ड उचलला आणि टेबलावरून साहेबांपुढे सरकवला.

"तुम्हीच टाका सहा. आकडा बदलला की तो कुणी बदलला ते संगणक विचारतो, आणि ते नाव आलेखाखाली छापून येतं. ती सोय मीच करून ठेवली आहे."

साहेबांनी कीबोर्डवर हात ठेवला, मग नाकावरचा चष्मा चाचपून म्हणाले, "हा लांबचा आहे. जवळचा गाडीत राहिला." कीबोर्ड हिशेब अधिकाऱ्यांकडे गेला. हिशेब अधिकाऱ्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, उलटा करून पाहिला आणि हा आपल्या खात्याचा विषय नाही म्हणून शेजारी दिला.

शेजारी शिक्षणाधिकारी होते. ते सकाळपासून खोकत होते. आताही मुठीत खोकले आणि त्याच हाताने त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला. माणूस धीट निघाला. अठरा खोडलं, सहा टाकलं. लाल रेघ शहाण्या मुलासारखी खाली बसली. टेबलाभोवती सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मग पडद्यावर एक चौकोन उघडला. बदल करणाऱ्याचं नाव?

शिक्षणाधिकाऱ्यांचं बोट हवेतच राहिलं. त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी छताकडे. पुन्हा खोकल्याची उबळ आली. मग त्यांनीच सहा खोडून अठरा लिहिलं आणि रेघ होती तिथे जाऊन बसली.

"पडशाने डोळ्यांना पाणी येतंय," ते म्हणाले. "तुम्ही बघा, डॉक्टर."

वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे न बघताच कीबोर्ड पुढे केला. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे. पुढे प्रसिद्धीवाल्यांनी तो हातात घेतला आणि त्यांना नेमका फोन आला. कायदेवाल्यांनी आपल्याला टायपिंगच येत नाही म्हणून तो पुढे सरकवला. दोघा उपसंचालकांनी "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत तो एकमेकांच्या हातात दिला. सगळ्या टेबलाला फेरी घालून कीबोर्ड पुन्हा साहेबांसमोर आला. त्यांनी तो बराच वेळ दोन्ही तळव्यांखाली दाबून धरला.

"मॅडम, तुमचं काम आहे हे," शेवटी ते म्हणाले. आवाजात आता माया नव्हती. "हट्ट पुरे झाला."

"सहा झाले, साहेब."

"काय सहा झाले?"

"शिक्षणाधिकारी मुठीत खोकले आणि त्यांनी कीबोर्ड पुढे दिला. त्यानंतर तुमच्यासकट सहा जणांचे हात लागले. मी मोजत होते. पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत." ती उभी राहिली. "आणि इथे तर कुणाला तो हातात धरायचाही नव्हता. पोरं दिवसभर शाळेत असतात, एकमेकांच्या गळ्यात गळे घालून. चार वाजता मी हाच आलेख लावणार. कराराचं तुम्ही बघा."

शिक्षणाधिकाऱ्यांनी आलेली उबळ कशीबशी गिळली. पडद्यावर अठरा तसंच होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी पर्समधून सॅनिटायझरची छोटी बाटली काढली, तळहातावर थेंब घेतले आणि बाटली शेजारी दिली. बाटली प्रसिद्धीवाल्यांकडून कायदेवाल्यांकडे, तिथून उपसंचालकांकडे आणि साहेबांपर्यंत गेली. या खेपेला कुणीही ती नुसती पुढे ढकलली नाही.