फक्कीचं घर

मिस्त्रीनं कोपऱ्यातली खुंटी पुन्हा हातभर मागं ठोकली, तशी कडूबाई उठली. तिनं खुंटी उपटली आणि होती तिथं आणून दगडानं हाणली.

"मिस्त्री, दहा बाय बारा म्हनलं ना म्या?"

"मावशी, दहा बाय बारात शेळ्या बांधत्यात. मानसं न्हाई."

मिस्त्री कसनुसा हसला. जामखेडपासून खर्ड्यापर्यंत त्यानं बंगले उभे केले होते. एवढंसं घर आपल्या हातचं आहे असं लोकांना कळलं तर पुढं काम कोण देईल, ही त्याची खरी अडचण. म्हातारीनं संकोचून लहान माप सांगितलं असणार असं धरून तो सकाळपासून प्रत्येक खुंटीला गुपचूप जागा वाढवत होता, आणि कडूबाई ती परत जागेवर आणत होती. तिचा नवरा अजिनाथ लिंबाखाली बसून दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं आणि विचारू नये असंच त्यालाही वाटत होतं.

शेवटी मिस्त्रीनं हात टेकले. सुतळी ताणली, तिच्या कडेनं चुन्याची फक्की सोडली, पुढच्या बाजूला दारापुरती जागा मोकळी ठेवली. काळ्या रानात पांढरा चौकोन उमटला. मग तो बांधाआड गेला आणि त्यानं वाल्मिकला फोन लावला.

वाल्मिक हा कडूबाईचा एकुलता एक मुलगा. नगरला असतो. कुणाच्या तरी लग्नाला म्हणून गावात आला होता, तो मांडवातून तसाच गाडी घेऊन रानात आला. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले काळे बूट. तणतणत त्यानं फक्की ओलांडली आणि थेट चौकोनाच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"आई, हे काय काढलंस? गावात पाच खोल्यांचा बंगला बांधलाय. तुझं नाव दिलंय त्याला."

नाव दिलं होतं हे खरं. ‘मातोश्री कडूबाई निवास’, काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत. खोल्यांना मात्र कुलपं होती आणि चाव्या नगरला, सून दिशाच्या पर्समध्ये. फरशी खराब होऊ नये म्हणून. दिवाळीला कुलपं निघत, भाऊबीज झाली की पुन्हा लागत. बाकी वर्षभर मातोश्री आणि त्यांचे यजमान पोर्चमध्ये झोपत, मागच्या पत्र्याखाली भाकरी भाजत आणि रोज सकाळी उठून बंगल्याभोवती झाडून काढत. गावात याला मुलानं आईबापाची केलेली सोय म्हणत.

"नाव बघाया लोकं येत्यात," कडूबाई म्हणाली. "आमी निस्ती राखन करतो."

"अगं, सगळा जन्म ऊस तोडत पाचटाच्या कोपीत काढलात. आता परत कोपीच पाहिजे का? लोक म्हणतील, वाल्मिकनं आईबापाला रानात काढून दिलं. चार माणसांत तोंड दाखवायची सोय ठेवणार नाहीस तू माझी."

"कोपी बरी हुती. कारखान्यावर गेलं की मी माज्या हातानं उभी करायची. चूल म्या मांडली तिथंच ऱ्हायची. कोपीतनं मला कुनी भाईर बस म्हनलं न्हाई."

"मग बंगल्यात कोण म्हणलं?"

"म्हनलं न्हाई कुनी. कुलूप घातलं."

वाल्मिक बापाकडं वळला. आईपुढं चाललं नाही की सगळेच मुलगे हे करतात.

"आबा, तुम्ही तरी सांगा हिला."

अजिनाथनं टोपी काढली, झटकली, परत डोक्यावर ठेवली. "माजं कवा ऐकलंय तिनं? माज्या शेळ्या इकून इटा आनल्या, मला मागनं सांगितलं." मग त्यानं वाल्मिककडं पाहिलं. "पर मला बी आत झोपायचंय, वाल्मिक. थंडीत लई गारठतो मी पोर्चमधी."

वाल्मिकचा चेहरा पडला. हे त्याला खरंच माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्यानं कधी मनावर घेतलं नव्हतं. दोन्हीत फार फरक नाही.

"चाव्या आणतो," तो घाईघाईनं म्हणाला. "दिशाला आजच सांगतो. सगळ्या खोल्या उघडून देतो. पण हे बंद कर."

हेच कडूबाई दोन दिवाळ्यांपूर्वी ऐकायला आसुसली होती.

"ऱ्हाऊ दे. बंगला तुजा हाय, चाव्या तुज्याकडंच शोभत्यात. दिशाला बी काय बोलू नको, तिची फरशी हाय, ती जपती. मला आता कुनाची फरशी जपायची न्हाई. मला माजं शेनानं सारवल्यालं बास हाय."

"आणि आम्ही आलो म्हणजे? एवढ्यात मावणार कुठं?"

"या की. मांडीला मांडी लावून बसू. पोटभर घालीन जेवाया." तिनं पदर खोचला. "पर आधी तिथनं हाल. बूट घालून घरात उबा ऱ्हायलास."

वाल्मिकनं खाली पाहिलं. त्याच्या चारही बाजूंना पांढरी रेघ होती. मिस्त्री बांधाआडून मान उंच करून बघत होता.

वाल्मिक रेघ ओलांडायला निघाला आणि थबकला. मग पुढच्या मोकळ्या जागेतून, जिथं दार बसणार होतं, तो बाहेर गेला. तिथं वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला.