लाओ सुनचं हसू

"आणि मग तो हसला," चंद्रभान म्हणाला. "स्वतःची पोरगी गेल्याचं सांगताना हसला. आता बोला!"

थोरले भाऊ मनोहरराव भाकरीचा तुकडा रश्शात बुडवून तसाच धरून बसले. गोपिकावहिनी तांब्या भरायला उठली. तांब्या तर काठोकाठ भरलेला होता. एकटी माय, मनकर्णाबाई, समोर बसून हसत होती आणि आणखी घे, आणखी घे म्हणत होती.

चंद्रभानला जरा रागच आला. पेकिंगला दोन वर्षं राहून आलेला माणूस, सकाळीच नागपूरच्या स्टेशनावर उतरलेला, नंदनवनातल्या घरी पहिल्यांदा पाटावर बसलेला, आणि त्याच्या सगळ्यात नामी किश्शाला ही दाद! तिकडे एका हिंदी मासिकाचा मजकूर तपासायची नोकरी होती त्याला. येताना डोक्यात अख्खं व्याख्यान घेऊन आला होता: चिनी माणूस समजून घेताना. येत्या रविवारी वाचनालयात ते द्यायचंही ठरलं होतं. हा किस्सा म्हणजे त्या व्याख्यानाचा कळस, आणि घरच्यांना त्याचं काहीच नाही.

यांना नीट कळलं नसेल, असं समजून त्याने पुन्हा बैजवार सांगितलं. लाओ सुन कचेरीत त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. लाओ म्हणजे आपल्याकडचं 'राव' समजा, सुनराव. लाख माणूस. पहिल्या थंडीत चंद्रभानचे दात वाजत होते, तर यानेच कापूस भरलेला कोट आणून दिला. जुनी सायकल मिळवून दिली, बाजारात भाव करायला शिकवलं. हा सुनराव एकदा काही दिवस दिसला नाही. परत आला तो नेहमीसारखाच. दुपारी दोघं जेवले. जेवण उरकल्यावर त्याने चंद्रभानच्या कपात गरम पाणी ओतलं आणि हसत हसत सांगितलं, की मुलगी वारली. वर म्हणतो, काही नाही, काही नाही.

"काळीजच नाही त्या लोकांना," चंद्रभान म्हणाला.

पुढचं त्याने सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं त्याला काही वाटत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्याने टेबल बदलून घेतलं होतं. जेवायलाही दुसरीकडे बसू लागला होता. निघायच्या दिवशी लाओ सुन फाटकापर्यंत पोचवायला आला, तेव्हा हा पठ्ठ्या मोटारीतून खालीसुद्धा उतरला नव्हता. असल्या माणसाचा हात हातात कोण घेणार?

किस्सा पडला तो पडलाच. मग त्याने बहिणीचा विषय काढला. भागीरथा कशी आली नाही अजून? तिचं सासर कामठी म्हणजे काय, हाकेच्या अंतरावर. स्टेशनवरही त्याने विचारलं होतं, पण मनोहरराव तेव्हा हमालाशी हुज्जत घालायला लागले होते. माय म्हणाली, आधी पोटभर जेव, मग सांगते सारं. तिने नको नको म्हणताना आणखी एक पाटवडी त्याच्या ताटात वाढली. त्याने ती चवीनं खाल्ली.

हात धुऊन तो टेकला, तशी माय त्याला अगदी लागून बसली. त्याच्या तळहातावर तिने सुपारीचं खांड ठेवलं. तोंडावर ते हसू होतंच.

"भागीरथा गेली, बाबू," ती म्हणाली. "पोळ्याच्या आधी. कावीळ झाली होती. आम्ही सारे होतो तिच्यापाशी. तू जिवाले लावून घेऊ नको."

चंद्रभानने तिच्याकडे पाहिलं. ओठ हसत होते आणि हनुवटी थरथरत होती. हे हसू त्याने आधी पाहिलेलं होतं. हनुवटीकडे मात्र तेव्हा पाहिलं नव्हतं.

"मले काहून नाही कळवलं?" त्याने कसंबसं विचारलं.

"कळवून काय करतो? इथं दुखवट्याले सारी कामठी बसाले आली होती आमच्यापाशी. तू परमुलखात एकटा. तुह्या पाठीवर हात ठेवाले कोण होतं तिथं? अन आज दोन वर्षांनी घरी आला, तर पहिलाच घास कडू करू का तुहा? आपलं दुख आपल्यापाशी. आल्या माणसाले आधी जेवू घालावं."

बहिणीसाठी रडू यायला हवं होतं. ते येईना. लाज तेवढी येत होती, कानाच्या पाळ्या तापवत, पोटातल्या अन्नापर्यंत खाली उतरत. लाओ सुनने जेवण उरकेपर्यंत वाट पाहिली होती. त्याच्याही समोर परमुलखातला एकटा माणूस बसला होता. आणि आपण त्याला काळीज नाही म्हणालो. तेही कुणासमोर, तर ही अशी हसत वाढणाऱ्या मायसमोर. धरणीने पोटात घ्यावं असं चंद्रभानला झालं.

मायने पदराने डोळे कोरडे केले. मग एकाएकी तिला दुसऱ्याच कुणाची तरी कणव आली.

"तुहा तो सुनराव," ती म्हणाली. "लेकीचं दुख लय वाईट असते, बाबू. कसा हसला असन बिचारा. तू तर एवढा जवळचा त्याचा. त्याच्या घरी बसाले गेला असशीन ना तू?"

सुपारीचं खांड अजून त्याच्या मुठीतच होतं. मायकडे वर पाहायची त्याची छाती झाली नाही.

"हो, माय," चंद्रभान म्हणाला.