पास्त्याची चित्राहुती

गावात त्याच दिवशी उघडलेल्या इटालियन हॉटेलात पास्ता समोर आला, तसं अप्पांनी घरच्यासारखंच ताटलीभोवती पाणी फिरवलं, चार तुकडे बाजूला मांडून चित्राहुती घातली आणि हात जोडले.

“अप्पा, लोक बघतायत,” लेक दबक्या आवाजात म्हणाली.

“बघू देत. अन्न इटलीचं असो नाहीतर इचलकरंजीचं, ते अन्नच.” पहिला घास घेऊन ते खुशीत म्हणाले, “शेवयांचा थोरला भाऊ दिसतोय गं हा.” तिने शरमेनं खाली घातलेली मान जेवण संपेपर्यंत वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पा झोपेतून उठलेच नाहीत.

दोन महिन्यांनी ती एकटीच तिथे गेली. मालकीणबाईंनी तिला लगेच ओळखलं. “काका नाही आले? उद्घाटनादिवशी मी धास्तीनं दाराआडून बघत होते. त्यांनी माझ्या अन्नाला नमस्कार केला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.”

“ते गेले,” एवढंच ती म्हणाली. मालकीणबाई तिच्यासमोर पाणी ठेवून हलकेच आत गेल्या.

रिकाम्या खुर्चीकडे बघत ती स्पष्ट, मोकळ्या आवाजात बोलली, “अप्पा, तुमच्याबरोबर जेवायला मला फार आवडायचं.”