कोरड्या नदीचं वळण

ॲलिस स्प्रिंग्जच्या वाळवंटातल्या मोटरसायकल शर्यतींचा तो हंगाम कॅलनला चांगलाच छळून गेला. एप्रिलमधली पहिली फेरी त्याने जिंकली, जूनमध्ये मनगट मोडून घेतलं, प्लास्टर निघाल्या दिवशी पुन्हा गाडीवर बसला. तोवर त्याचा मित्र आणि प्रतिस्पर्धी ट्रेंट गुणांत पुढे निघून गेला होता. "गाडी चालवतोस की मेंढ्या हाकतोस रे?" असं ट्रेंट त्याला चिडवायचा, आणि कॅलनची गाडी बिघडली की स्वतःच पाना घेऊन खाली बसायचा.

शेवटच्या फेरीत कोरड्या नदीच्या वळणावर ट्रेंट पडला. मागून आलेला कॅलन पुढे गेला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा हंगामाचा विजेता ठरला. डॉक्टर पोहोचेपर्यंत ट्रेंट संपला होता.

दफन झाल्यावर ट्रेंटची आई ग्लेनिस कॅलनजवळ आली.

"त्याला शेवटचं तूच पाहिलंस. कसा होता रे?"

"उठून बसला होता, काकू. अंगठा दाखवून म्हणाला, जा तू, मी ठीक आहे."

"तसाच होता माझा पोरगा." तिने डोळे पुसले आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. "मग तू मनाला लावून घेऊ नकोस, बाळा."

ट्रेंट उठून बसलाच नव्हता. पडल्या पडल्या हात हलवून तो 'थांब, थांब' अशी खूण करत होता, आणि कॅलनला ती अगदी स्पष्ट दिसली होती.