आबांचा सुस्कारा

पंपाचा दांडा दाबला तशी माशांच्या हौदात जाणाऱ्या नळीच्या वळणावरून पाण्याची बारीक चिळकांडी उडाली आणि पडवीची भिंत भिजली. प्रयागनं एका हातानं दांडा चालूच ठेवला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा त्या भोकावर दाबून धरला.

“बुजवून टाक गो,” शेजारची बयाबाई म्हणाली. “बापाचं तेरावं झाल्यावर घरात गळती ठेवू नये. मानूस गेला तो गेला, त्याच्या मागनं पानी कशाला वाहवायचं?”

बयाबाईनं कोनाड्यातली फणेरपेटी खाली काढली. प्रयागच्या आईची, फणी-कुंकू ठेवायची. कुंकवाखाली लावायचं मेण तिच्यात अजून होतं. आई गेलेली, आणि प्रयाग तरुणपणीच विधवा झालेली, त्यामुळे या घरात ते कुणाला लागलं नव्हतं. बयाबाईनं मेण तळहातावर मळून मऊ केलं, भोकात ठासलं आणि वरून चिंधी आवळून बांधली. चिळकांडी थांबली.

हे मासे म्हणजे तिच्या वडिलांचं, आबांचं, एकच वेड. मुंबईला मत्स्यालयात ते नळांची कामं करत. तुडीलला कायमचे परतले ते एक जाड काच, लोखंडी नळ्या, जुना हातपंप आणि बरणीत चार लाल मासे घेऊन. पडवीत त्यांनी सिमेंटचा हौद बांधला, पुढच्या बाजूला ती काच बसवली. हौद काठाला आला की वरचं पाणी एका नळीनं अंगणातल्या खालच्या हौदात पडे. तिथे वाळूतून आणि कोळशातून गाळलं जाई. मग पंपानं तेच पाणी दुसऱ्या नळीनं वर. ही नळी काठावरून वळून थेट तळापर्यंत उतरलेली होती, म्हणजे तळाचं पाणीही हलतं राही. गावात वीज नव्हती. सकाळ-संध्याकाळ आबांचे दोन हात, तीच वीज. “सावित्री उशाशी वाहतेय आनि सयाजी मासं घरात पाळतोय,” म्हणून गाव हसे. आबाही हसत.

नवरा गेल्यावर त्यांनीच प्रयागला शिकवून मास्तरीण केलं. ती महाडच्या शाळेत होती. शनिवारी यायची, रविवारी संध्याकाळच्या गाडीनं जायची. निघायच्या वेळी आबा नेमके पंपावर असत. “जा गो, गाडी चुकंल,” म्हणत, मागे न बघता. ती अंगणाच्या कवाडापर्यंत पोचली की पंपाची खडखड थांबे आणि मागून सुस्कारा ऐकू येई. लांब, दमलेला. घरातली सगळी माणसं उठून गेल्यावर एकट्यानं टाकावा तसा. ती कधी वळली नाही. वळली असती तर तिला जाता आलं नसतं.

आता तिनं शाळा सोडायची ठरवली होती.

“मासं मी बघीन गो,” बयाबाई म्हणाली. “सुतकात घागरीनं घातलंच की पानी. तू जा आपल्या पोरांत.”

“नको. आबांना एकटं ठेवलं, तेवढं पुरे झालं.”

“हां, सुस्कारा तर आमच्या पडवीपर्यंत यायचा म्हाताऱ्याचा,” बयाबाई बोलून गेली आणि मग तिनं जीभ चावली.

हौद भरला. प्रयागनं दांडा सोडला. सगळं निमूट झालं. बयाबाई घरी गेली, आणि प्रयाग माजघरात आबांच्या सदऱ्यांच्या घड्या करत बसली. सदरे थोडेच होते. घड्या मोडून तिनं पुन्हा घातल्या.

दुपारी ती पडवीत आली तेव्हा काचेमागे पाणी नव्हतं. तळाशी जेमतेम बोटभर उरलं होतं, आणि त्यात लाल मासे कुशीवर पडून तोंडं उघडत-मिटत होते. अंगणातला हौद मात्र तुडुंब.

तिनं घागर उचलली. खाली भरायची, वर ओतायची. निऱ्या भिजल्या, पदर भिजला. एकेक मासा सरळ झाला. शेवटचा बराच वेळ कुशीवरच होता. तो हलला तेव्हा ती खाली बसली.

पाणी कुठे गळलं नव्हतं. ज्या नळीनं वर चढलं, त्याच नळीनं गुपचूप उतरलं होतं. पंपाच्या आतलं चामडं झिजलेलं, उतरतं पाणी अडवायला काही नव्हतं. मग इतकी वर्षं ते का उतरलं नाही?

तिनं चिंधी सोडली. केसांतल्या आकड्यानं मेण कोरून काढलं. भोक गंजानं पडलेलं नव्हतं. चांगलं गोल होतं, कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या. समोर भिंतीवर, जिथे चिळकांडी पडत होती तिथे, शेवाळाचा जुना पट्टा होता. सकाळीही तो तिथेच होता.

संध्याकाळच्या गाडीला अजून वेळ होता. प्रयागनं पदर खोचला आणि दांडा हातात घेतला. चिळकांडी उडाली, भिंत भिजली. तिनं भिजू दिली. हौद काठाला आला तसा तिनं हात थांबवला.

नळीतलं पाणी खाली बसलं आणि त्या भोकातून वारा आत ओढला गेला, नळीतली धार तुटली. काचेमागचं पाणी जागच्या जागी राहिलं. मासे फिरत होते. प्रयाग ओठ मिटून उभी होती.

दगडी गडग्यापलीकडून बयाबाईची हाक आली, “नको गो बाय, असा सुस्कारा टाकू. अगदी तुझ्या बापासारखा टाकलास.”